माहिती देणाऱ्याचे नाव

सोमवारी पुतळाबाई दारात येऊन उभी राहिली तेव्हा भिमाजीआप्पा ओसरीवर पुस्तकांना ऊन देत बसले होते. श्रावणात ऊन पडेल तेवढं द्यायचं, नाहीतर पानांना कसर लागते, हे त्यांना एकतीस वर्षं चिंचदऱ्याचं वाचनालय सांभाळून कळलं होतं. माणसांबद्दल एवढ्या खात्रीनं त्यांना काहीच कळलं नव्हतं. कुणी दारात आलं की आधी छातीत धस्स व्हायचं, मग ते चष्मा पुसायचे आणि मग कुठं तोंडातून "या" निघायचं.

"आप्पा, कामात हाय का?"

"या. नाही, काम कसलं! बसा."

ती पायरीवरच बसली. तिची शेरडं बाहेर कुंपणाला तोंड लावत होती. साठीची बाई, चाळीस वर्षं गायरानात शेरडं वळत आलेली. तिच्या बोलण्याला प्रस्तावना नसायची.

"गायरानात चुन्याच्या खुणा पाडल्यात. कारेगावची कुठली तर कंपनी पाच हजार झाडं लावणार म्हंत्यात. मी सरपंचीणबाईला म्हणलं, बाई, तिथं गवतात पाखरांची घरटी हाईत, आत्ता अंडी-पिल्लं हाईत, दिवाळीपतुर थांबा. तर तिचा नवरा, त्यो विक्रम, म्हणतो गावाच्या वहीत तसं काय लिवल्यालं न्हाई. तिथं पाखरं न्हाईतच म्हणतो. मला कुठं वाचाया येतंय! त्या वहीची झेरॉक्स तुमच्याकडं हाय म्हणं. काय लिवलंय तेवढं वाचून दावा."

वही आप्पांच्या कपाटात होती. ती त्यांनीच लिहिली होती, पण हे पुतळाबाईला ठाऊक नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी गावोगावी ही जैवविविधतेची नोंदवही करायची टूम निघाली होती. गावात कोणती झाडं, कोणते प्राणी, कोणते पक्षी, ते कुठं राहतात, हे गावातल्या जाणत्या माणसांना विचारून लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात माहिती देणाऱ्याचं नाव घालायचं. ग्रामसेवकानं ते काम आप्पांकडं दिलं. "तुमच्याइतकं वाचलेलं गावात दुसरं कोण हाय?" असं तो म्हणाला, आणि आप्पांना त्या वाक्याची गोडी आठवडाभर पुरली.

मग ते नवी वही काखेत घेऊन एकदा गायरानाकडं गेले. कडेच्या बाभळीखाली पुतळाबाई आणि आणखी दोघी कशावरून तरी खदखदून हसत होत्या. आपण जायचं आणि विचारायचं, बायांनो, इथं पक्षी कोणते? त्या आणखी हसतील असं आप्पांना वाटलं. ते बांधाआडूनच मागं फिरले. घरी छापील नमुना वही होती, ती समोर घेऊन त्यांनी पक्ष्यांची यादी उतरवून काढली. नमुना कोकणातल्या कुठल्याशा गावाचा होता. त्यामुळं चिंचदऱ्याच्या ओढ्याला, जिथं जानेवारीनंतर पाणी औषधाला सापडत नाही, वहीत दाट जंगलातला धनेश पक्षी येऊन बसला.

अडचण आली ती गायरानाची. माळावरच्या गवतात बारीक पाखरं असतात, एवढं आप्पांना माहीत होतं. पक्ष्यांच्या पुस्तकात ती वटवट्या या नावाखाली चार पानं भरून होती, आणि चारी पानांवरची सगळी चित्रं त्यांना सारखीच दिसली. मातकट अंग, बारीक चोच, उभी शेपटी. यातलं एक नाव लिहावं आणि ते चुकावं, यापेक्षा काहीच न लिहिलेलं बरं. त्यांनी सुबक अक्षरात लिहिलं, 'गायरान. पडीक माळ. नोंद घेण्याजोगे पक्षी नाहीत.' शेवटचा रकाना रिकामा ठेवला तर वही परत येते, असं ग्रामसेवकानं बजावलं होतं. गायरानात रोज जाणारं माणूस म्हणून आप्पांनी तिथं लिहून टाकलं, 'पुतळाबाई'.

आता ती समोर बसून होती आणि वही आप्पांच्या मांडीवर होती. त्यांनी वाचलं. "पडीक माळ. नोंद घेण्याजोगे पक्षी नाहीत."

"असं लिवलंय?"

"हो."

"कुणी सांगितलं म्हणं ह्ये?"

आप्पांनी रकान्यावर अंगठा ठेवला. तिला वाचता येत नव्हतं, तरी ठेवला.

"नाव... नाव काही घातलेलं नाही."

"आसंल कुणीतर आंधळं," ती म्हणाली आणि उठली. "चला, तुमाला दावते. तुमचं ऐकत्याल ते. शुक्रवारी झेंड्यानंतर ग्रामसभा हाय. तुमी नुसतं उभं राहून सांगा, मी डोळ्यांनी बघितलं म्हणून."

गायरानात गवत मांडीपर्यंत आलं होतं. पुतळाबाई पुढं आणि आप्पा धोतर आवरत मागं. चुन्याच्या रेषा दोन्ही बाजूंनी सरळ गेल्या होत्या. एका बोरीच्या झुडपापाशी तिनं त्यांना हातानंच खाली बसवलं.

दोन पानं एकमेकांना शिवलेली होती. दोरा कोळ्याच्या जाळ्याचा. आत मुठीएवढा खोलगट खिसा आणि त्यात चार अंडी, भाजक्या विटेसारखी लाल, तेल लावल्यासारखी चकचकीत. आप्पांनी पुस्तकात या रंगाबद्दल वाचलं होतं, पण तो इतका लाल असेल असं त्यांना कधी वाटलं नव्हतं.

"ही शेपट्याची," ती हळू आवाजात म्हणाली. "त्यो बघा बोंबलतोय. त्येला वाटतंय आपण अंडी चोराया आलो."

बोरीच्या शेंड्यावर एक राखी, पोटाला पिवळट पाखरू शेपटी ताठ करून वटवट करत होतं. अंग अंगठ्याएवढं आणि आवाज सगळ्या माळाचा.

"आन् ती वर गेली ती चिटचिटी. दम टाकत टाकत वर जाती, चिट, चिट, चिट, आन् दगडावानी खाली. तिचं घर गवताच्या बुडात आसतंय. बाटलीवानी, वरनं तोंड. पाय जपून ठिवा." मग ती हसली. "आमच्या दारच्या अंबाडीत शिंपीण हाय, ती ह्यांचीच चुलत भन. सगळी एका घरची. पण नांदत्यात निराळी. एक बोरीत, एक गवताच्या बुडात, एक माणसाच्या दारात. झाडं लावली तर ह्यांनी जायचं कुठं? मोठ्या झाडात ह्यांचं काय काम?"

चार पानांवरची जी चित्रं आप्पांना वेगळी करता आली नव्हती, ती ही बाई डोळे मिटूनही वेगळी करत होती. 'मीच लिहिलं ते' हे शब्द त्यांच्या जिभेवर आले. त्यांनी चष्मा काढून पुसला. तोवर ती शेरडांच्या मागं गेली होती.

मंगळवारी रात्री त्यांनी सरपंच राजश्रीला फोन लावला. शाळेत असताना ही पोरगी वाचनालयातून दोन-दोन पुस्तकं न्यायची. "बोला आप्पा," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजातला आदर ऐकून आप्पांचा धीर सुटला.

"वाचनालयाचा पत्रा गळतोय," ते म्हणाले.

"उद्याच माणूस पाठवते. आणखी काही?"

"नाही. काही नाही."

बुधवारी सकाळी माणूस आला आणि पत्र्याला डांबर लावून गेला. त्याच सकाळी गायरानात खड्डे घ्यायचं यंत्र शिरलं. घर-घर असा त्याचा आवाज आप्पांना ओसरीवर ऐकू येत होता. त्यांनी एक पुस्तक उघडलं आणि संध्याकाळपर्यंत एकच पान धरून बसले.

शुक्रवारी झेंडावंदन झालं. पोरं बुंदी घेऊन पांगली आणि शाळेच्या व्हरांड्यात ग्रामसभा बसली. आप्पा मागच्या खांबाला टेकून होते. झाडांचा विषय निघाला तशी पुतळाबाई उठली.

"दोन रांगा खणून झाल्या. बोरीचं घरटं गेलं त्यात, अंड्यांसकट. ऱ्हायलेलं तरी थांबवा. तिथं पाखरं हाईत, मी म्हणत न्हाई नुसतं, आप्पांनी बी बघितल्यात."

माना मागं वळल्या. आप्पांनी जमिनीकडं पाहिलं.

विक्रमनं टेबलावरची मूळ वही उचलली. तो कारेगावच्या त्या कंपनीतच सुपरवायझर होता. झाडांची योजना त्यानंच आणली होती आणि त्याला तिचा खरोखर अभिमान होता. "मावशी, आपण वाद नको घालू. लिहिलेलंच वाचू. 'गायरान. पडीक माळ. नोंद घेण्याजोगे पक्षी नाहीत. माहिती देणाऱ्याचे नाव...'" तो थांबला, मग हसू दाबत म्हणाला, "'पुतळाबाई'."

व्हरांड्यात हशा पिकला.

"काय गं मावशी! तवा न्हाई म्हणालीस आन् आता हाय म्हणतीस. तीन वर्षांत पाखरं काय यस्टीनं आली व्हय?" गर्दीतून एकजण ओरडला.

"मी?" पुतळाबाई म्हणाली. "मी कवा सांगितलं? मला कुणी इचारलं बी न्हाई." ती सगळ्यांकडं बघत होती. कुणीतरी मागून "म्हातारी विसरली" असं म्हणालं. मग तिची नजर फिरत फिरत खांबापाशी आली आणि थांबली. वही वाचताना आप्पांचा अंगठा कुठं होता, ते तिला आता आठवलं असावं.

आप्पा उठले. आयुष्यात ते ग्रामसभेत कधी बोलले नव्हते.

"ते मी लिहिलंय," ते म्हणाले.

"मोठ्यानं बोला आप्पा!"

"मी लिहिलंय ते. पुतळाबाईंना मी विचारलं नव्हतं. गायरानात गेलोच नव्हतो. रकाना रिकामा राहू नये म्हणून त्यांचं नाव घातलं. सोमवारी त्यांनी वाचून दाखवायला सांगितलं, तेव्हाही खोटं बोललो. सोमवारी खरं सांगितलं असतं तर ती बोर राहिली असती."

मग पुढच्या रांगेतून सोपानराव म्हणाले, "आन् मग आप्पा, त्यो ओढ्यावरचा धनेश? माझ्या नातवानं शाळंत निबंध लिवलाय त्याच्यावर."

"तोही नाही," आप्पा म्हणाले. "तो कोकणातला."

आता जो हशा झाला तो पहिल्याहून मोठा होता. आप्पांनी तो उभ्यानं ऐकून घेतला. खाली बसायचं त्यांना सुचलंच नाही.

राजश्री हसली नाही, पण तिनं आप्पांकडं पाहिलंही नाही. टेबलावर पेन आपटून ती म्हणाली, "खणलेल्या दोन रांगांत झाडं लागतील. बाकीची शाळेभोवती आणि रस्त्याच्या कडेनं. विक्रम, तुमच्या साहेबांना मी सांगते. आणि वही नव्यानं होईल."

"आधी माझं नाव खोडा," पुतळाबाई म्हणाली. "आत्ता. हितं."

विक्रमनं वही पुढं केली. आप्पांनी सगळ्यांसमोर वाकून ते नाव खोडलं. तिनं बोट टेकवून विचारलं, "ह्येच का? का दुसरंच कुणाचं?"

"हेच," ते म्हणाले. विक्रमनंही मान हलवल्यावर तिनं बोट उचललं.

दुसऱ्या दिवशी आप्पा वही घेऊन गायरानाच्या कडेला जाऊन उभे राहिले. बाभळीखाली तिघी बसल्या होत्या. त्यांना पाहून दोघी हसल्याच. पुतळाबाई उठली आणि चालू लागली. आप्पा मागं. ती बोट दाखवायची, नाव सांगायची, ते लिहायचे. चिटचिटी, गवताच्या बुडात. शेपट्या, बोरीत आणि तरवडात. पुस्तकातली नावं त्यांनी घातली नाहीत. खड्ड्यांच्या रांगेपाशी ती थांबली. उपटलेली बोर मातीत उलटी पडली होती, आणि तिच्याभोवती राखी पाखरांची जोडी अजून वटवटत होती.

"ह्ये बी लिवा," ती म्हणाली.

त्यांनी लिहिलं. ऊन वर आलं तेव्हा पान भरलं होतं आणि शेवटचा रकाना रिकामा होता. आप्पांनी चष्मा पुसला.

"पुतळाबाई, इथं तुमचं नाव लिहू का?"

ती शेरडांकडं बघत राहिली.

"ओढ्याकडंचं ऱ्हायलंय अजून," ती म्हणाली. "उद्या या. मग बघू."

आप्पांनी तो रकाना तसाच सोडला आणि वही मिटली.