नववं वाक्य

“ताई, पंखा बंद करा जरा. हवेनं वायर हलते.”

“उकडून मरेल की गं तो,” नणंद बोलून गेली आणि तिनं जीभ चावली. पंखा मात्र बंद केला.

पलंगावर नणंदेचा भाऊ, म्हणजे वायर चिकटवत बसलेल्या हिचा नवरा, मास्कमधून श्वास घेत पडला होता. नसांच्या आजारानं आधी हात गेले, मग पाय, मग बोलणं. परवापरवापर्यंत तो पापण्यांनी हो-नाही करायचा. आता पापण्याही ऐकत नव्हत्या. उरला होता हनुवटीखालचा एक स्नायू. तोही नुसत्या डोळ्यांना हललेला दिसत नसे, पण त्याच्यातली इवलीशी वीज हिनं तिथं चिकटवलेल्या सेन्सरला कळत होती. मास्कवर आता भागत नव्हतं. सोमवारी डॉक्टर गळ्याला छिद्र पाडून श्वासाची नळी बसवणार होते. त्याआधी त्यानं एकदा तरी बोलावं म्हणून ही जिवाच्या आकांतानं लागली होती. हा स्नायू उद्या असेल की नाही, कोणी सांगावं?

दोघं एकाच कंपनीत होते. लिफ्ट, शिलाई मशीन, तराजू अशा वस्तूंच्या पोटात बसणारे छोटे संगणक बनवणं हे त्यांचं काम. तो वरून खाली येणारा. आधी माणसाला काय हवंय ते विचारा, त्याचे तुकडे पाडा, सर्किटला सगळ्यात शेवटी हात लावा. ही खालून वर जाणारी. हाताशी काय आहे ते आधी बघा, एकेक तुकडा वाजवून घ्या, मग त्यावर पुढचा चढवा. यावरून ऑफिसात भांडण व्हायचं आणि उरलेलं घरी यायचं. “तू जिना बांधतेस आणि मग घर शोधत फिरतेस,” तो म्हणायचा. “आणि तू गच्चीचा रंग ठरवतोस, पायाचा पत्ता नाही,” ही म्हणायची. त्यानं तिचं नाव ‘वायरवाली’ ठेवलं होतं आणि ते लग्नानंतरही सुटलं नाही. आता भांडायला समोर कोणी उरलं नव्हतं. त्याच्याऐवजी बोलणारा हा डबा तिनं अगदी आपल्या मनासारखा, तळापासून बांधला होता.

आधी सेन्सर झाला, मग त्याच्या सिग्नलमधली खरखर काढली, मग सर्किट, मग दिवा. डब्यानं बोलायच्या वाक्यांपर्यंत पोचेस्तोवर तिच्या अंगात त्राण उरलं नव्हतं. “ताई, तुम्हीच सांगा काय काय घालू,” म्हणाली. नणंदेनं आठ सांगितली: तोंड ओलं कर, कूस बदल, दुखतंय, थंडी वाजतेय, लाळ पूस, मास्क सैल कर, टीव्ही लाव, जवळ बस. हिनं ती स्वतःच्या आवाजात भरली. डबा एकेक वाक्य म्हणणार, हवं ते आलं की त्यानं स्नायू आवळायचा, म्हणजे दिवा लागणार.

तिनं बटण दाबलं. डबा बोलत गेला. आठही वाक्यं झाली, दिवा लागला नाही. पुन्हा लावलं. पुन्हा तेच.

“डोळा लागला असेल त्याचा.”

“जागा आहे, ताई.”

“मग तुझं डबडंच बिघडलंय मेलं.”

हिनं सेन्सर काढून स्वतःच्या हनुवटीखाली चिकटवला. दिवा लागला. परत त्याला लावला. “नुसता जोर दे,” म्हणाली. दिवा लागला. वायर ठीक, सर्किट ठीक, स्नायू ठीक. वाक्यं सुरू केली की मात्र तो गप्प. तिला रडू कोसळलं, आणि ते रागाचं होतं. “अरे, मी इथं रक्त आटवतेय. एक तरी निवड ना! तुझ्या पाया पडते.”

नणंदेला ते बघवेना. पाणी गरम करते म्हणून ती स्वयंपाकघरात गेली.

हिनं डोळे पुसले. डब्याचा आवाज बंद केला, दिवा तेवढा ठेवला आणि पलंगाच्या कडेला बसली.

“यातलं काहीच म्हणायचं नाहीये तुला?”

दिवा लागला.

“दुसरं काही आहे?”

दिवा.

“कोणाला बोलवू?” काही नाही. “सोमवारचं काही?”

दिवा.

“भीती वाटते?”

काही नाही. पुढचा प्रश्न तिला ठाऊक होता. तो विचारायला नको म्हणून तिनं उगाच वायर चाचपली. मग विचारलाच.

“नळी नको?”

दिवा लागला आणि बराच वेळ विझला नाही.

सेन्सर खोटं बोलू नये म्हणून जन्मभर झटलेली ही बाई. या वेळी तो खोटा निघावा असं तिला मनापासून वाटलं. तिनं उलटतपासणी घेतली.

“मी तुझी बहीण?” काही नाही.

“बाहेर पाऊस आहे?” खिडकीत लख्ख ऊन होतं. काही नाही.

“नळी घालू देऊ?” काही नाही.

“मी वायरवाली?”

दिवा लागला. तिला हसू फुटलं आणि हसता हसताच हुंदका आला.

“नळी नकोच? नक्की?”

दिवा.

“लागलं का गं?” स्वयंपाकघरातून नणंदेनं विचारलं.

“लागलं, ताई.”

“देव पावला. काय म्हणतोय?”

“त्याच्या डब्यातूनच ऐका. जरा थांबा.”

तिनं खोलीचं दार लोटलं आणि माईक तोंडाशी धरला. पहिल्यांदा आवाज मध्येच फाटला. तिनं ते पुसलं. दुसऱ्यांदा मास्कची घरघर आत आली, तेही पुसलं. तिसऱ्यांदा सरळ, स्वच्छ आलं: “मला नळी नको.”

एकदा वाजवून तिनं ते शेवटपर्यंत ऐकलं. बाकीची आठ संपेपर्यंत त्याला ताटकळावं लागू नये म्हणून तिनं ते सगळ्यांच्या आधी लावलं. मग दार उघडून नणंदेला आत बोलावलं.