उन्हात वाळवलेला दात

नव्वद-एक्क्याण्णवच्या वैशाखातली गोष्ट. परभणीत डॉक्टर बन्सीधरांच्या दवाखान्यात मी दाढ धरून बसलो होतो. तेवढ्यात पोखर्णीच्या कडूबाई नातवाचं मनगट धरून आत आल्या. नातू भुजंग, उद्याचा नवरदेव. स्वतःच्याच मांडवाचा काथ्या दातानं तोडायला गेला आणि काथ्याऐवजी समोरचा दात अर्धा तुटला.

"सायेब, उद्या इडा तोडायचाय," कडूबाई म्हणाल्या.

नवरी दातात विडा धरते, नवऱ्यानं तो सगळ्यांसमोर दातानंच तोडायचा. करवल्या त्यात हळूच अख्खी सुपारी दडवतात. भुजंगच्या चुलत्याला ती तुटली नव्हती. आता त्याला नातवंडं झालीत, तरी गाव अजून 'मऊराव' म्हणूनच हाक मारतं.

डॉक्टरांनी नवा निळा दिवा काढला. नळीतला मसाला दातावर लावायचा, दिवा धरायचा, की दगड होतो.

"पांढराशुभ्र लावा," भुजंग म्हणाला.

"गप रे!" आजी कडाडल्या. "सगळे दात तंबाखूनं काळे अन् एकच पांढरा? लोक म्हणतील, मागून आणलाय."

डॉक्टर हसले. "गडद रंग लावतो. पण गडद रंग उजेड पिऊन टाकतो, आजी. वरचा पापुद्रा कडक होतो अन् खाली कच्चं राहतं. त्याला पातळ थर लागतो, अन् दिवाही जास्त वेळ धरावा लागतो."

"म्हंजे जाड पापडावानी. वरून वाळलेला, आतून वला."

"अगदी तसंच."

पहिला थर झाला. दुसरा लावला, दिवा धरला, आणि वीज गेली. कधी येईल हे विचारण्याची आमच्याकडे पद्धत नव्हती. डॉक्टरांनी सुईनं टोकरून पाहिलं. वरचा थर लोण्यासारखा दबला. भुजंगच्या डोळ्यांत पाणी आलं. नवरदेवाचं रडणं दुर्मीळ. मी दाढ विसरून बघत राहिलो.

डॉक्टर बराच वेळ खिडकीकडे पाहत होते. मग तो कच्चा थर काढून टाकत म्हणाले, "चला अंगणात. उन्हातही हाच निळा उजेड असतो. विरळ असतो, म्हणून वेळ लागेल."

परभणीच्या उन्हात फक्त पांढरं आणि जीवघेणं असतं, अशी माझी समजूत होती. आत निळंही आहे, हे ऐकून मी उगाच वर पाहिलं आणि शिंकलो.

भुजंगला बाजेवर उताणा निजवला. गालात कापूस, तोंड आ वासलेलं. डॉक्टर स्वतःच्या सावलीत कांद्याच्या पापुद्र्याएवढा थर लावायचे आणि बाजूला सरायचे. कडूबाई पदरानं घाम पुसत शेजारी बसल्या. एक कावळा भिंतीवर आला.

"हाड्! पापड न्हाई, नवरदेव हाय!"

थरावर थर चढत गेला. आम्ही तिघं त्या एवढ्याशा दाताकडे बघत होतो, आणि त्याच्याकडे बघायला कोट्यवधी कोसांवरून उजेड आला होता. त्यानं वाटेत दुसरं काही काम काढलं नव्हतं. शेवटी डॉक्टरांनी सुई ओढली. कर्र आवाज झाला. दगडावरच ओढल्यासारखा. डॉक्टर सुईकडे बघत राहिले. त्यांनाही ते पुस्तकातूनच माहीत होतं.

"आयुष्यभर याला शिव्या दिल्या," कडूबाई वर बघत पुटपुटल्या. "अन् हा आपला काम करायलाय."

दुसऱ्या दिवशी मी पोखर्णीला गेलो. आमंत्रण नव्हतं, दातातर्फे गेलो. भर दुपारी, मांडवाच्या तोंडाशी नवरीनं विडा दातात धरला. करवल्या तोंडाला पदर लावून हसत होत्या. मऊराव सगळ्यात पुढे उभे. भुजंग वाकला. कडूबाईंनी डोळे मिटले.

कट्ट!

सुपारीचा तुकडा मऊरावांच्या पायाशी पडला. मग म्हाताऱ्यानं तो उचलला, धोतराला पुसला, कपाळाला लावला आणि ओरडला, "सुटलो रे!"

एकच कल्ला झाला. भुजंगनं मात्र, कालची सवय असेल, मान मागे टाकली आणि आ वासून सूर्याकडे तोंड केलं. कडूबाईंनीही वर पाहिलं. त्यांचं बघून सगळ्या वऱ्हाडानं पाहिलं. काय बघायचं ते कोणालाच ठाऊक नव्हतं, तरी कोणी मान खाली घेईना.

नवरी तेवढी खाली बघत होती. दाताची गोष्ट तिला कडूबाईंनी सांगितली असावी. तिनं हळूच नवऱ्याला कोपर मारलं.

"मिटा की आता. वाळला तो."