शून्याने गुणलेले गाव

वाचकहो, जगाच्या संकटांचे मोजमाप करणाऱ्या एका कचेरीचे, आणि तेथील एका नोंद-कारकुनास आलेल्या किळसेचे वृत्त पुढे यथामती निवेदन केले आहे. ते स्थिर चित्ताने वाचावे.

सदर कचेरीत जगभरच्या गावांना धोक्याचे गुण मिळत. पुराचा आकडा, मारामारीचा आकडा आणि लोकांच्या दुबळेपणाचा आकडा, या तिन्हींचा गुणाकार होई. ज्याचा गुणाकार मोठा, त्या गावास मदतीच्या होड्या आधी. ज्या रकान्याचा अहवाल आला नाही, तेथे शून्य भरावे असा दंडक होता. कारकुनाने तो वर्षानुवर्षे डोळे झाकून पाळला होता.

त्या सकाळी यादी छापून आली आणि त्याच्या थोरल्या बहिणीचे गाव अगदी तळाशी दिसले. पूर नव्वद, दुबळेपणा पंच्याऐंशी, मारामारी शून्य. एकूण शून्य. त्याने तत्काळ तिला फोन लावला.

"ताई, तुमच्याकडचा अहवाल का नाही आला?"

"कोण पाठवणार? बंदूकवाल्यांनी चौकीच जाळली. लिहिणारा पळाला. नदी पायरीला लागलीय, आणि तू अहवाल कसले विचारतोस, वेड्या!"

कारकून कागद घेऊन साहेबांकडे धावला. साहेब काडीने कान कोरत होते.

"साहेब, तिथे मारामारी इतकी आहे, की कळवायलाही कुणी उरलं नाही. हे शून्य काढा."

"आणि काय घालू? तुझी ताई?" साहेब खो खो हसले. "रिकाम्या जागेनं गुणाकार अडतो रे. जगातलं सर्वांत सुरक्षित गाव आहे ते. अभिनंदन कर तिचं!"

काडीचा मळ त्यांनी त्याच यादीच्या कडेला पुसला व खाली सही ठोकली. कारकुनाला साहेबांची शिसारी आली, त्या गुळगुळीत कागदाची आली, आणि सर्वांत अधिक स्वतःच्या बोटांची. कारण ते शून्य त्या बोटांनीच भरले होते.

जिन्यात उभे राहून त्याने पुन्हा फोन लावला.

"ताई, होड्या येणार नाहीत. पोरांना घे आणि आत्ताच टेकडीकडे चालू लाग. मी निघालोय."

"अरे, पण यादी तूच करतोस ना? आमचं गाव घातलं नाहीस?"

"घातलं. शून्यही मीच भरलं, ताई."

ताई म्हणाली, "येताना दोर आण. चांगला लांब."

येथे हे कथन पूर्ण झाले. आपला अमूल्य वेळ दिल्याबद्दल सर्व वाचकांचा मनःपूर्वक आभारी,
टाचणीदास