झाकणाचा ड्रम

कुरुंद्याजवळच्या आमच्या तांड्यावर त्या सकाळी जिवनबाईनं पुन्हा भांडण काढलं.

"भिके, माझ्या घराकडं काहून बघून राहिलीस?"

"डोळे हायेत म्हणून!" शेजारची भिकाबाई कडाडली.

जिवनबाईची सहा वर्षांची नात निलम त्याआधी एकदा भिकाबाईकडं ताक पिऊन आली, आणि संध्याकाळी तिला जुलाब लागले. झालं! भिकी खाण्यापिण्यात काहीतरी कालवते, हे जिवनबाईच्या डोक्यात पक्कं बसलं. तिनं अंगणातला उघडा रांजण पालथा घातला आणि पाणी घरात, झाकणाच्या निळ्या ड्रमात भरलं. झाकणाला कुलूप लावलं, किल्ली गळ्यात. मला त्या कुलपाचा राग यायचा. पण माझी बायकोही आमच्या लेकरांना भिकाबाईच्या दारात जाऊ देईना, आणि मी मुकाट बसलो. आज त्याची लाज वाटते.

जुलाब थांबले, पण आता पोरगी ओकायला लागली. पोट धरून पडून राहायची.

"कुलूप लावलं तरी करूनच राहिली ही भिकी," जिवनबाई ज्याला त्याला सांगायची.

गुरुवारी आरोग्य केंद्राची करुणा सिस्टर घरोघर विचारत आली. पाणी कुठलं, चूल कुठं, आजारी कोण?

"तुला कोनी धाडलं? भिकीनं?" जिवनबाईनं दार अडवलं.

"कुनी न्हाई, मावशी. लेकरू वाळून राहिलं. पाणी कशात ठेवता, तेवढं दाखवा."

बऱ्याच वेळानं किल्ली गळ्यातून निघाली. सिस्टरनं झाकण उघडून वास घेतला.

"ह्या ड्रमात आधी काय व्हतं?"

"काई न्हाई. माझ्या लेकानं, देवलानं हळदीचं बेणं औषधात बुडवलं व्हतं, लावायच्या आधी. पण म्या तीनदा राखेनं घासला की, बराबर!"

"मावशी, ते किडे मारायचं औषध हाय. प्लास्टिकात मुरतं. राखेनं जात न्हाई. लहान लेकराला आधी बाधतं."

जिवनबाईनं ड्रमातलं सगळं पाणी ओतून टाकलं.

निलमला जीपनं वसमतच्या दवाखान्यात नेलं. चार दिवसांनी ती चालत घरी आली, तेव्हा घरात पाण्याचा थेंब नव्हता. भिकाबाईच भरलेली घागर आणि तांब्या घेऊन दारात उभी राहिली. तिनं तांब्या भरला, पोरीनं हात पुढं केला.

जिवनबाईनं तांब्या मधेच धरला. आधी स्वतः एक घोट प्याली, थोडं थांबली, मग नातीला दिला.

भिकाबाईनं ते पाहिलं.

"एवढी पारख त्या ड्रमाची केली असतीस, जिवने," ती म्हणाली, आणि घागर तिथंच ठेवून निघून गेली.