दुपारी बाराचं पाणी

आपांच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या, शेडमध्ये एकेचाळीस टाक्या होत्या. चाळीस कोरड्या, तळाशी पांढरा थर धरलेल्या. एकीत पाणी, आणि त्या पाण्यात दोन डिस्कस मासे, एक नर, एक मादी. याशिवाय आरओचं यंत्र, निळं पिंप, क्षार मोजायचा मीटर आणि अंडी चिकटवायला मातीचा एक शंकू.

वसंतात शेडमध्ये रोग शिरला आणि ही एवढी जोडी वाचली. पितळी अंग आणि कडेला बारीक निळी नक्षी, असा हा वाण आपांनी माझ्या जन्माआधीपासून जपलाय. आता तो या दोघांपुरता उरला होता. मादी म्हातारी झालेली. रोगानंतर तिने दोनदा अंडी घातली आणि दोन्ही वेळा ती पांढरी पडून बुरशीने खाल्ली. आमच्या पिंगतुंगच्या जमिनीतलं पाणी जड, क्षारांनी भरलेलं आहे, आणि जड पाण्यात या अंड्यांचं कवच आवळतं, ती फळत नाहीत. म्हणून मी आरओचं पाणी निवडलं. तेही निव्वळ नको, कारण अगदी कोऱ्या पाण्याची आम्लता एकदम वाढते. त्यात थोडं नळाचं मिसळून मीटरवर पंच्याऐंशीच्या आसपास ठेवायचं ठरलं.

हृदयाच्या ऑपरेशनसाठी काउशुंगला निघताना आपा म्हणाले, "युएन, अंडी आली की कळव. आणि नुसतं 'बरं आहे' म्हणू नकोस. आकडा सांग."

चांद्र पंचांगाच्या पाचव्या महिन्यातल्या सणाच्या दुपारी मादीची अंडनळी दिसायला लागली. दोघं शंकू तोंडाने टोकरून साफ करत होते. मी टाकीतलं अर्धं पाणी काढून पिंपातलं भरलं. सकाळी पिंपातल्या पाण्याचा आकडा चौदा होता. भरून झाल्यावर सवयीने मीटर टाकीत बुडवला.

दोनशे चोपन्न.

टोक धुऊन पुन्हा बुडवला. दोनशे चोपन्नच.

"आको, पिंपाला कुणी हात लावला होता का?"

माझी आत्या, आको, दारात बसून चांगच्या पुडीचं बांबूचं पान सोडत होती. आत चिकट भात, वास शेडभर. "हात कशाला लावू? चांगलं भरून ठेवलं. तुझं ते यंत्र म्हातारा लघवीला बसल्यासारखं ठिबकतंय नुसतं. देवळाच्या विहिरीवरून तीन मोठ्या बादल्या आणल्या, ठीक बाराच्या ठोक्याला, रांगेत उभी राहून! आजच्या दिवसाचं दुपारचं पाणी वर्षभर नासत नाही. तुझ्या आपाकडेही बाटली पाठवलीय."

"त्या विहिरीच्या पाण्यात क्षार किती आहेत, माहीत आहे?"

"त्या विहिरीत देव आहे, एवढं माहीत आहे." मग तिने माझ्याकडे पाहिलं आणि चावायची थांबली. "मेले का गं?"

"नाही. पण आज संध्याकाळी अंडी घालणार, आणि ती फळणार नाहीत."

तिने चांग खाली ठेवला. "किती पाणी पाहिजे?"

"एकशे वीस लिटर. आपलं यंत्र तेवढं उद्या देईल."

"ही बाई उद्यापर्यंत थांबणार आहे होय?" म्हणत ती ट्रकची किल्ली शोधायला उठली.

आकोच्या छोट्या निळ्या ट्रकात सहा कॅन टाकून आम्ही नाणं टाकून पाणी भरायच्या ठेल्यावर गेलो. पाटीवर डोंगर, धुकं, हरीण. मी पेल्यात थोडं घेऊन मीटर बुडवला. दोनशे दहा.

मालक पंख्याखालून ओरडला, "ए पोरी, काय टोचतेस माझ्या पाण्याला? ताप आलाय का त्याला?"

"शेठ, गाळल्यावर यात काही घालता का?"

"घालतो की! खनिजं. म्हणून तर गोड लागतं."

"गोड लागतं तीच अडचण आहे. माशांना हवंय."

"माशांना!" तो आकोकडे वळला. "ताई, पुढच्या जन्मी मला तुमच्या घरी मासा करा."

"तुझी चरबी पाहता टाकी पुरायची नाही," आको म्हणाली. "कोरं पाणी कुठे मिळेल ते बोल."

त्याने हसत पेट्रोलपंपामागचा ठेला दाखवला. "तिथलं पाणी एकदम बेचव. कुणी पीत नाही."

तिथे मीटर बारावर थांबला. मी एकेक कॅन भरला. आकोने झाकणं घट्ट लावली.

परत आलो तर शंकू अजून रिकामा होता. अर्धं पाणी काढलं, बारीक नळीने नवं सोडलं. पातळी वर आल्यावर मीटर एकशे तेहतीस. पुन्हा अर्धं काढायला घेतलं तोच आपांचा फोन.

"किती?"

"एकशे तेहतीस."

"पंच्याऐंशी ठरलं होतं ना?"

मी काही सांगायच्या आत आकोने फोन ओढला. "पिंप मी भरलं. बोलायचं ते मला बोल."

पलीकडून आपा म्हणाले, "दुपारचं?"

"हो."

"मलाही तेच पाजलंस ना?"

"पाजलं. उद्या टेबलावर झोपणार आहेस, पाजू नको तर काय करू?"

आपा हसले, मग खोकले. "युएनला सांग, धार सोडू नकोस, ठिबकव. नर बिथरला तर अंडी खाऊन टाकेल."

नळी मी चिमटीत धरली. टाकी दोन तृतीयांश भरली असताना मादी शंकूला लागून वर सरकली आणि मागे मोत्यांसारखी ओळ राहिली. नर तिच्यामागून गेला. मीटर एकशे तीन दाखवत होता. नळी काढावी तर पाणी जड, ठेवावी तर नर बिथरणार. बोटं आणखी आवळली आणि ठिबकतं ठेवलं. आको श्वास रोखून माझ्या खांद्याशी उभी होती. दिवा लावायलासुद्धा ती हलली नाही. शेवटच्या ओळीपर्यंत मीटर बहात्तरवर आला.

दुसऱ्या सकाळी काही अंडी पांढरी दिसली. किती, ते मोजायचं धाडस झालं नाही. त्या दिवशी आपांचं ऑपरेशन झालं. तिसऱ्या दिवशी नर्सने त्यांना फोन धरून दिला. आवाज कापसासारखा होता.

"आकडा?"

मी भिंग घेऊन टाकीसमोर बसलेच होते. "अंडी एकशे अठ्ठेचाळीस. पांढरी एकोणनव्वद. शेपटी हलतेय अशी एकोणसाठ."