आप्पांच्या पोस्टला लाल झेंडी

बुधवारची संध्याकाळ म्हणजे ‘पाना-पक्कड’ या ऑनलाइन फोरमवर झेंड्यांचा बाजार. गुरुवारी भोसरीपासून चाकणपर्यंत बऱ्याच कंपन्यांना साप्ताहिक सुट्टी असते. मशीनं थांबलेली असतात, म्हणून ती खोलायचं काम मेंटेनन्सवाल्यांच्या गळ्यात पडतं, आणि आदल्या संध्याकाळी ते सगळे फोरमवर गोळा होतात. कोणी बेअरिंगचा नंबर विचारतो, कोणी बंद मशीनचा फोटो टाकून विचारतो की हा आवाज कशाचा येतोय, आणि कोणी कोणाला तरी अक्कल शिकवतो. मग झेंड्या लागायला सुरुवात होते.

दीपमाला वाकडच्या ऑफिसातून थेरगावला घरी आली की चहाचं आधण ठेवून लॅपटॉप उघडायची. फोरम तिच्या वडिलांनी काढलेला. ज्योतीराम आप्पा पिंपरीच्या एका कारखान्यात फिटर म्हणून लागले आणि मेंटेनन्सचे सुपरवायझर म्हणून निवृत्त झाले. घरी बसवेना, म्हणून हे दुकान मांडलं. ते गेले तेव्हा उन्हाळा होता. आता दिवाळी तोंडावर आली होती. फोरमच्या किल्ल्या तिने तेराव्यानंतर लगेच हातात घेतल्या. कोणी घे म्हटलं नव्हतं, आणि तिनेही कोणाला विचारलं नव्हतं.

प्रत्येक पोस्टच्या कोपऱ्यात एक लाल झेंडी होती. ती दाबली की चौकट उघडायची आणि तिथे कारण लिहावं लागायचं. कारणाशिवाय झेंडी पुढे जायचीच नाही. कारण नसेल तर ती चहाडी झाली, असं आप्पांचं म्हणणं. लिहिलेलं कारण आणि लिहिणाऱ्याचं नाव फक्त देखरेख करणाऱ्यांना दिसायचं. तीन वेगवेगळ्या माणसांच्या झेंड्या लागल्या की पोस्ट आपोआप झाकली जायची आणि देखरेखवाल्यांपैकी कोणी तपासेपर्यंत झाकलेलीच राहायची. कारखान्यात शॉपवर दहा जणांसमोर नव्या माणसाला जुन्या माणसाची चूक काढता येत नाही. काढलीच, तर दोघांच्याही पुढच्या सहा महिन्यांचं वाटोळं. इथे चूक गुपचूप सांगता यायची, देखरेखवाल्यांनी नाव न सांगता कळवलं की जुना माणूस गुपचूप दुरुस्त करायचा, आणि दुसऱ्या दिवशी दोघं कँटीनमध्ये शेजारी बसायला मोकळे.

त्या संध्याकाळी तिने भराभर कामं उरकली. घरबसल्या श्रीमंत करणारी जाहिरात चौघांनी दाखवून दिली होती. ती काढून टाकली. निगडीचे दोघे ग्रीसवरून भांडत होते आणि दोघांनी एकमेकांना झेंड्या लावल्या होत्या. कारण दोघांचं एकच: हा माणूस अडाणी आहे. तिने दोघांना कळवलं, “अडाणी असणं नियमात बसतं. आईवरून बोलणं बसत नाही. तेवढं वाक्य दोघांनी काढा.” दोघांनी मुकाट काढलं.

पुढची झेंडी आप्पांच्या पोस्टला होती.

“दीपमालाताई, ही मी दुसऱ्यांदा लावतेय. काल लावलेली बंद झाली. काकांची पोस्ट जुन्या हायड्रॉलिक प्रेससाठी बरोबर आहे. आमच्या नव्या प्रेसला ॲक्युम्युलेटर आहे, आणि गेज पंपाच्या लाइनवर आहे. काटा शून्यावर येतो तरी बाटलीत दाब तसाच राहतो. आमच्या पोरांनी ही पोस्ट छापून प्रेसवर चिकटवली आहे. मी काढायला गेले तर म्हणाले, मॅडम, ज्योतीराम काकांपेक्षा तुम्हाला जास्त कळतं का. उद्या सकाळी पाइप बदलायचे आहेत आणि माझी ड्यूटी दुसऱ्या लाइनवर लागली आहे. अफरीन, चाकण.”

दीपमालाने गॅस बंद केला, चहा गाळला, आणि पोस्ट उघडून पहिल्यापासून वाचली.

‘प्रेसचा पाइप खोलण्याआधी.’ तेलाच्या दाबावर चालणाऱ्या प्रेसबद्दल आप्पांनी फोरमच्या पहिल्या वर्षी लिहिलेली, सगळ्यांत जास्त वाचली गेलेली पोस्ट. पंप बंद करा, लिव्हर दोन-तीनदा हलवा, गेजचा काटा शून्यावर आला की पाइप बिनधास्त खोला. वाक्यं आप्पांसारखीच, आखूड आणि ठाम. ॲक्युम्युलेटरचं, म्हणजे तेलाचा दाब साठवून ठेवणाऱ्या त्या पोलादी बाटलीचं, नावही त्यात नव्हतं. आप्पांच्या प्रेसना ती बाटलीच नव्हती.

पोस्टच्या खाली जोडलेले हात होते. भावपूर्ण श्रद्धांजली, काका. असा माणूस पुन्हा होणे नाही. फुलं, दिवे, पुन्हा हात. फोरमवर ज्या पोस्टखाली नवी ओळ पडते ती पोस्ट सगळ्यांत वर येते. उन्हाळ्यापासून रोज कोणीतरी इथे येऊन हात जोडत होतं, आणि रोज ही पोस्ट वर येत होती. आप्पा असताना ती कधीच खाली गेली होती, शोधणाऱ्यालाच सापडायची. आता काल कामाला लागलेल्या पोरालाही फोरम उघडला की आधी तीच दिसत होती.

आणखी एक गोष्ट तिच्या लक्षात आली. आप्पा असताना त्यांच्या पोस्टना सर्रास झेंड्या लागायच्या. ते जेवताना मोठ्याने वाचून दाखवायचे, वर म्हणायचे, बघ, तळेगावचं पोरगं माझे कान उपटतंय. ते गेल्यापासून त्यांच्या एकाही ओळीवर कोणाची झेंडी नव्हती. ही अफरीनचीच पहिली, आणि तिचीच दुसरी.

दीपमाला ऑफिसात सॉफ्टवेअर तपासायची. दिवसभर दुसऱ्यांच्या कामातल्या चुका शोधून देणं हेच तिचं काम. चूक सापडली म्हणून तिथे कोणी रडत नसे. न सापडता पुढे गेली की रडारड. तिने अफरीनची कालची झेंडी कोणी बंद केली ते पाहिलं. नाव हिंदुरावांचं होतं. शेरा असा: ‘आदरणीय व्यक्ती. झेंडी अमान्य.’

हिंदुराव आप्पांचे कारखान्यातले जोडीदार आणि फोरमचे दुसरे देखरेखवाले. कासारवाडीला स्टेशनला लागून राहायचे. तिने फोन लावला.

“काका, जेवलात?”

“अजून न्हाई. बोल.”

“अफरीनची झेंडी तुम्ही बंद केलीत.”

“व्हय, केली. गेलेल्या माणसाला झेंडी लावत्यात व्हय गं? अजून वर्षश्राद्ध न्हाई झालं त्येचं.”

“तिने कारण लिहिलंय.”

“वाचलं की. दोन बुकं शिकली म्हंजी ज्योतीरामला शिकवायला निघाली.”

“मग मला एकच सांगा. ॲक्युम्युलेटरवाल्या प्रेसचा काटा शून्यावर आला, तर तुम्ही पाइप खोलाल?”

पलीकडे लोणावळ्याची गाडी धडधडत गेली.

“ज्योतीरामनं लिवलं तवा असल्या मशिनी कुठं हुत्या?”

“नव्हत्या. म्हणून तेव्हा बरोबर होतं. तुम्ही खोलाल का, एवढंच विचारतेय.”

“मी कशाला खोलू? मला काय जीव नकोसा झालाय?”

“उद्या जो खोलणार आहे त्यालाही झालेला नाही.”

“बरं, मग खाली एक ओळ टाक की. नव्या मशिनीला लागू न्हाई म्हणून.”

“खाली लोकांनी हात जोडलेत, काका. तेवढे हात ओलांडून कोण वाचायला येणार? पोस्ट झाकायची.”

“लोकं काय म्हनतील? पोरीनं बापाची पाटी उतरवली.”

“म्हणू देत. मीच उतरवतेय.”

“बापावर गेलीयास. ऐकायचं न्हाई म्हंजी न्हाई.”

“आणि नवी पोस्ट तुम्ही लिहायची. जुन्या प्रेसचं तुम्ही, नव्या प्रेसचं अफरीन.”

“मला त्या फोनवर टायपिंग जमत न्हाई.”

“बोलून पाठवा. मी उतरवून घेते.”

“आन् जेवण?”

“जेवण नंतर.”

तिने पोस्ट झाकली. आप्पांचं नाव करड्या रंगाचं झालं. त्याबरोबर खालचे हात, फुलं, दिवे सगळं दिसेनासं झालं, आणि हे आधी तिच्या ध्यानात आलं नव्हतं. मग तिने ‘आप्पांसाठी’ नावाचं वेगळं पान काढलं आणि त्या सगळ्या ओळी तिकडे हलवल्या. एकही गाळली नाही. तिथे कोणी कितीही हात जोडले तरी पाइप खोलायची पोस्ट वर येणार नव्हती.

फोरमच्या माथ्यावर तिने लिहिलं: “‘प्रेसचा पाइप खोलण्याआधी’ ही पोस्ट झाकली आहे. जुन्या प्रेससाठी ती बरोबर होती. ॲक्युम्युलेटर असलेल्या प्रेसवर तसं केलं तर हात जाईल, डोळा जाईल. छापून लावली असेल तर आजच काढा. नवी पोस्ट येते आहे. दीपमाला ज्योतीराम.”

खाली पहिली ओळ चिंचवडच्या प्रज्वलची पडली. “ताई, तुम्ही आयटीवाल्या. प्रेस आणि कुकर यातला फरक तरी कळतो का?”

तिने उत्तर दिलं, “कुकरची वाफ गेल्याशिवाय झाकण काढू नये, एवढं कळतं. प्रेसचंही तेवढंच सांगतेय.”

काही जण हसले. पण सगळे नाही. भाजी फोडणीला टाकून ती परत आली तर तिची सूचना जागेवर नव्हती. तिघांनी झेंड्या लावल्या होत्या आणि फोरमने ठरल्याप्रमाणे ती झाकून टाकली होती. देखरेखवालीची मनमानी, असं एकाचं कारण. काकांचा अपमान, असं दुसऱ्याचं. तिसऱ्याने लिहिलं होतं, घरच्यांनीच असं केलं तर बाहेरच्यांनी काय करायचं.

एक बटण दाबलं असतं तर सूचना परत वर आली असती. दीपमालाने ते दाबलं नाही. स्वतःच्या पोस्टवरची झेंडी स्वतः काढायची नाही, ती दुसऱ्याने तपासायची, हा नियम होता. आज तिने तो मोडला असता तर उद्या अफरीनच्या झेंडीला काय किंमत राहिली असती? पण चाकणच्या प्रेसवर तो कागद अजून चिकटलेला होता, आणि तो काढा म्हणणारं एकमेव वाक्य आता कोणालाच दिसत नव्हतं. तिने पुन्हा फोन लावला.

“काका, माझी सूचना झाकली गेली.”

“मग काढ की वर.”

“माझीच आहे. मला तपासता येत नाही.”

“असला कुणी नियम केला?”

“तुमच्या मित्राने.”

हिंदुराव हसले, पण ते हसणं लवकर संपलं.

“तिन्ही कारणं वाचा आणि ठरवा,” ती म्हणाली. “तुम्हाला पटली तर सूचना झाकलेलीच राहू दे. मी काही बोलणार नाही. फक्त उद्या सकाळी पाइप खोलणार आहेत, एवढं धरून ठरवा.”

“थांब.” चष्मा शोधल्याचा आवाज आला. मग ते एकेक शब्द लावत मोठ्याने वाचू लागले. “मन-मानी. काकांचा अप-मान.” तिसरं कारण त्यांनी मनातच वाचलं असावं. “ह्यात प्रेसचं तर कायच न्हाई गं.”

“नाही.”

“एकानंबी लिवलं न्हाई की तू सांगतीयास ते चूक हाय म्हणून.”

“नाही लिहिलं.”

“मग ही झेंडी हाय का रुसवा?” असं म्हणून त्यांनी फोन ठेवला.

भाजी शिजेपर्यंत सूचना परत वर आली होती. खाली टायपिंग न जमणाऱ्या माणसाने लिहिलं होतं: “मी हिंदुराव. जोतीराम बरोबर एका बेंचवर काम केलेला मानूस. पोरगी बरोबर सांगती. प्रेसवरनं कागद काडा. ज्याला अपमान वाटतो त्यानं मला फोन करा. मी जागा हाय.” आणि पुढे स्वतःचा नंबर.

त्यानंतर झेंडी लागली नाही. रात्रीच्या जेवणाआधी हिंदुरावांनी जुन्या प्रेसचं बोलून पाठवलं, मध्ये मध्ये कुत्र्याला हाकलत आणि बायकोला ‘आलो की’ म्हणत. अफरीनने चार ओळी आणि एक फोटो पाठवला. दीपमालाने दोन्ही जुळवलं. आधी पंप बंद करा, मग बाटलीचा व्हॉल्व्ह उघडून तिच्यातलं तेल टाकीत सोडा, बाटलीचं स्वतःचं गेज पाहा, मग पंपाच्या लाइनचं, मग पाइप. लेखकाच्या जागी दोघांची नावं घातली.

गुरुवारी दुपारी, ती ऑफिसात असताना, अफरीनचा निरोप आला. “कागद काल रात्रपाळीनेच काढला होता. सकाळी मॅनेजर साहेबांनी मला त्या प्रेसवर बोलावलं. पंप बंद केला, काटा शून्यावर आला. मग बाटलीचा व्हॉल्व्ह उघडला तर तेल बराच वेळ सळसळत टाकीत जात राहिलं, ताई. सगळे बघत उभे होते. पाइप बदलून झाले. सगळे ठीक.”

दीपमालाने निरोप दोनदा वाचला आणि हिंदुरावांना पुढे पाठवला. उत्तरात अंगठा आला.

संध्याकाळी घरी येऊन तिने झेंड्या उघडल्या. रांग नेहमीपेक्षा लांब होती, आणि रांगेत जागोजागी आप्पांचं नाव होतं. तळेगावच्या एकाने लिहिलं होतं, काकांनी दिलेला बेल्टचा नंबर आता मिळत नाही, बदली नंबर टाका. भोसरीच्या एकीने लिहिलं होतं, हे आधीच सांगायचं होतं, पण बरं दिसलं नसतं. काकांनी सांगितलेलं कूलंटचं, म्हणजे कापताना हत्यार गार ठेवणाऱ्या पाणी-तेलाचं, प्रमाण नव्या तेलाला चालत नाही. प्रज्वलनेही एक लावली होती, चांगल्या सविस्तर कारणासकट. उन्हाळ्यापासून आप्पांशी लोक फक्त हात जोडून बोलत होते. आज पुन्हा वाद घालत होते.

तिने बेल्टचा नंबर तपासून बदलला. कूलंटचं अफरीनकडे तपासायला पाठवलं. प्रज्वलचं बरोबर निघालं. तसं त्याला कळवलं.

शेवटची झेंडी हिंदुरावांची होती, बेअरिंग तापवून बसवण्याबद्दलच्या पोस्टवर. कारणाच्या चौकटीत त्यांनी सरळ आप्पांनाच लिहिलं होतं. “जोतीराम हे चूक हाय. मी तुला तवाबी सांगितलं हुतं. तू आयकला न्हाईस. एवडं तापवलं की बेरिंग निळं पडून वाया जातंय.”

दीपमालाने चौकट बराच वेळ उघडी ठेवली. मग तिने डोळे पुसले आणि उत्तर लिहिलं.

“काका, नुसतं म्हणून चालणार नाही. निळं पडलेल्या बेअरिंगचा फोटो लावा, मग बघू.”