उजवीकडे पाहणारी राणी

बावीस वर्षांत मुकुंदरावांनी एकोणीस सदोष नाणी जमवली होती. त्यांतली सतरा टांकसाळीत चुकलेली नसून बाजारात ठेचली गेलेली आहेत, असा निष्कर्ष त्यांनी स्वतःच काढला होता. उरलेली दोन किरकोळ होती. कॉलेजच्या रसायनशाळेतला हा मनुष्य स्वतःलाही सवलत देत नसे.

म्हणूनच भांड्यांचे दुकानदार असलेले त्यांचे मेहुणे चंद्रमौली यांनी चिंचेने घासून लखलखीत केलेला तांब्याचा पाव आणा टेबलावर ठेवला, तेव्हा मुकुंदरावांनी तो लगेच उचलून उजेडात धरला. एका बाजूला राणी डावीकडे पाहत होती, नेहमीसारखी उठावात. दुसऱ्या बाजूलाही तीच राणी, पण आत रुतलेली आणि उजवीकडे पाहणारी. अक्षरेही आरशातल्यासारखी उलटी.

"हंडा विकला, त्याच्या सुट्ट्यांत आलं," चंद्रमौली म्हणाले. "तुम्ही भिंग घेऊन शोधता, आमच्याकडे चालत येतं."

मुकुंदरावांची धाकटी बहीण नागलक्ष्मी नवऱ्यामागोमाग आत आली होती. "अण्णा, तुझ्या भाचीला, धनलक्ष्मीला, सातवा लागलाय. हे नाणं हळदीच्या फडक्यात बांधून तिरुक्करुगावूरच्या गर्भ राखणाऱ्या देवीला नवस बोलायचाय. बाळ झालं की देवीच्या पेटीत टाकायचं. पण सासूबाई म्हणतात, जन्मतःच असं असेल तर देवीला चालतं. मागून कुणी ठोकलं असेल तर नाही. तेवढं तू सांग."

म्हणजे 'ठोकलेले' हा एकच शब्द पुरणार होता. नवसाला न चालणारे नाणे या दोघांना काय कामाचे?

मुकुंदरावांनी तराजू काढला. शंभर ग्रेन, पाव आण्याचे ठरलेले वजन, नेमके. मग भिंग. दोन नाणी एकावर एक ठेवून हातोडा मारला, तर रुतलेल्या बाजूला मूळच्या छापाचे अवशेष राहतात आणि उठावाची बाजू चेपते. इथे अवशेष नव्हते, आणि राणीच्या मुकुटाचा मणीन्‌मणी शाबूत होता. आधीचे नाणे ठशातच अडकून राहिले असावे आणि पुढच्या कोऱ्या चकतीवर त्याचाच चेहरा उमटला असावा. दोष अस्सल होता. त्यांनी तिसऱ्यांदा पाहिले, कारण त्यात खोट सापडावी असे त्यांना फार वाटत होते. बावीस वर्षे ते शोधत होते, आणि आले ते कुणाच्या गल्ल्यात!

"ठोकलेलं आहे," ते म्हणाले.

नागलक्ष्मीचा चेहरा उतरला. तिने नाणे उचलून पदराला गाठ मारली. "मग जाताना कावेरीत सोडते."

"कावेरीत कशाला? राहू दे इथे."

"नवसाला काढलेलं नाणं फिरलं, तर ते घरात ठेवत नाहीत, कुणाला देतही नाहीत. तुला दिलं तर दोष तुला लागेल. सख्ख्या भावाला देऊ?"

दोषावर मुकुंदरावांचा विश्वास नव्हता, वाळूवर होता. कावेरीच्या वाळूत गेलेले नाणे परत येत नाही. देवीच्या पेटीतले मात्र कधी ना कधी बाजारात येते. बहीण उंबऱ्याशी पोहोचली होती.

"थांब," ते म्हणाले. "माझं चुकलं. जन्मतःच तसं आहे."

चंद्रमौली परत खुर्चीवर बसले. "काय म्हणालात?"

"ऐकलंत तुम्ही."

"पुन्हा ऐकायला आवडेल. मुकुंदराव चुकले, हे टांकसाळीतल्या चुकीहून दुर्मीळ."

"अण्णा, नक्की ना?" नागलक्ष्मीने विचारले.

"नक्की," मुकुंदराव म्हणाले, आणि त्या दिवशी पहिल्यांदा मेहुण्यांच्या नजरेला नजर दिली नाही.

मुलगा सुखरूप झाला. नवस फेडायला मुकुंदरावही गेले, याचे घरात सर्वांना नवल वाटले. पाव आणा पेटीत पडल्याचा आवाज त्यांनी नीट ऐकला.

तेव्हापासून हा देव न मानणारा गृहस्थ दर महिन्याला तिरुक्करुगावूरला जातो, देवळाबाहेर रुपया मोडून एका आण्याची सुपारी घेतो आणि हाती आलेली मोड एकेक करून उलटून पाहतो. घरात सुपारी कुणी खात नाही.